डोळे येणे वेगळे, डोळे पुढे येणे वेगळे

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक सासूबाई आपल्या सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रार सुनेची नव्हती, सासूबाईंचीच होती. "डॉक्टर, हिला तुम्हीच समजावून सांगा. काही बोलायला गेलं की डोळे वटारून बघते. आधी अशी नव्हती." सून अडतीस-एकोणचाळीस वर्षांची. ती काहीच बोलली नाही, मान खाली घालून बसली.

मी तिला माझ्याकडे बघायला सांगितले. बुबुळाच्या वरचा पांढरा भाग स्पष्ट दिसत होता. मग माझे बोट वरून हळूहळू खाली नेले. डोळा बोटाबरोबर खाली आला, पण वरची पापणी मागेच राहिली. हात पुढे धरायला लावले, तर बोटांना बारीक कंप. नाडीचे ठोके मिनिटाला ११२. भूक चांगली असून चार महिन्यांत सहा किलो वजन उतरलेले. बाईंनी डोळे वटारले नव्हते. त्यांच्या पापण्याच वर ओढल्या गेल्या होत्या आणि डोळे थोडे पुढे आले होते.

नंतर मी तिचा जुना केसपेपर काढला. मागच्या तीन महिन्यांत ती दोनदा माझ्याकडेच येऊन गेली होती. "डोळे लाल, पाणी येते, चुरचुरतात" अशी नोंद, आणि खाली दोन्ही वेळा डोळ्यांत घालायचे थेंब. अक्षर माझेच होते. साथीचे दिवस, समोर पन्नास रुग्ण, लाल डोळा दिसला की थेंब लिहायचे, अशी हाताला सवय झालेली. मी डोळे पाहिले होते, पण बाईकडे पाहिले नव्हते.

आजचा विषय या चुकीतूनच निघाला आहे. थायरॉइडमुळे होणारा डोळ्यांचा आजार फार दुर्मिळ नाही, आणि तो ओळखायला सुरुवातीला महागडी यंत्रेही लागत नाहीत. तरी तो उशिरा ओळखला जातो. या आजारात औषधांचा उपयोग होण्याचा काळ ठरावीक असतो. तो काळ बहुधा आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरच्या टेबलावर वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

रोग गळ्यात, त्रास डोळ्यांत

१८३५ साली डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज यांनी आणि १८४० साली जर्मनीतील मर्सेबर्ग या गावचे डॉ. कार्ल फॉन बेझडो यांनी या आजाराचे वर्णन केले. बेझडो यांनी तीन खुणा सांगितल्या : गळ्यावरची सूज, छातीतली धडधड आणि पुढे आलेले डोळे. त्या काळी थायरॉइडची रक्ततपासणी नव्हती, क्ष-किरणसुद्धा नव्हते. रुग्णाकडे नीट पाहणे आणि नाडीवर हात ठेवणे एवढ्यावर त्यांनी निदान केले. आज गल्लोगल्ली लॅबोरेटरी असताना आपण मागे पडावे, हे लाजिरवाणे आहे.

थायरॉइड ही गळ्याच्या पुढच्या बाजूला असलेली, फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी. शरीराचा वेग ती ठरवते. ग्रेव्हजच्या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती चुकते आणि या ग्रंथीला सतत चिथावणी देणारी प्रतिपिंडे तयार करते. ग्रंथी जास्त काम करू लागते. म्हणून धडधड, घाम, उकाडा सहन न होणे, वजन घटणे, जुलाब, झोप न लागणे, चिडचिड, पाळी अनियमित होणे ही लक्षणे दिसतात.

ही प्रतिपिंडे ज्या कुलपात आपली किल्ली घालतात, तशीच कुलपे डोळ्यामागच्या पेशींवरही असतात. त्यामुळे तिथेही दाह सुरू होतो. डोळा फिरवणारे स्नायू सुजतात, मागची चरबी वाढते. डोळ्याची खोबण म्हणजे हाडांचा डबा, फक्त पुढून उघडा. भरल्या डब्यात आणखी धान्य कोंबले तर झाकण वर येणारच, तसा डोळा पुढे येतो. आणि डब्याच्या तळाशी, जिथून दृष्टीची मुख्य नस मेंदूकडे जाते, तिथे जागा सर्वांत अरुंद. सूज तिथे दाबू लागली तर नजर जाऊ शकते.

ग्रेव्हजच्या दर तीन-चार रुग्णांमागे निदान एकाच्या डोळ्यांवर कमी-अधिक परिणाम होतो. बहुतेकांत तो सौम्य असतो. दृष्टीला धोका पोचेल इतका तीव्र शंभरात तीन ते पाच जणांत. बायकांत हा आजार जास्त दिसतो, पण पुरुषांना आणि उतारवयात होतो तेव्हा जास्त तीव्र होतो.

डोळे आलेत की पुढे आलेत?

साथीत डोळे येतात तेव्हा चिपडे धरतात, सकाळी पापण्या चिकटतात, घरात एका पाठोपाठ एक सगळे आजारी पडतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत बरे होतात. थायरॉइडच्या आजारात चिपडे फारशी नसतात. डोळे कोरडे, वाळू गेल्यासारखे खुपतात, वाऱ्यात पाणी येते, उजेड सहन होत नाही. सकाळी उठल्यावर पापण्या फुगलेल्या असतात. आणि मुख्य म्हणजे हे दोन आठवड्यांत संपत नाही, महिनोन्महिने चालते.

पुढील खुणा घरातल्या माणसांनाही ओळखता येतात :

१. समोर सरळ पाहताना बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसणे. चेहरा घाबरल्यासारखा किंवा रागावल्यासारखा वाटणे.

२. झोपेत डोळे पूर्ण न मिटणे. हे रुग्णाला कळत नाही, घरच्यांना दिसते.

३. डोळ्यामागे दाब किंवा ठणका, विशेषतः वर किंवा बाजूला पाहताना.

४. एकाच्या दोन वस्तू दिसणे. एक डोळा झाकला की एकच दिसणे.

५. एक किंवा दोन्ही डोळे पुढे आलेले दिसणे.

पाचव्या खुणेसाठी मी एक साधी युक्ती वापरतो. जुना फोटो मागवतो. लग्नाचा चालेल, आधार कार्डावरचाही चालेल. कोणाचे डोळे जन्मतःच टपोरे असतात, पण दोन-चार वर्षांपूर्वीच्या फोटोशी ताडून पाहिले की फरक लपत नाही. आजार हळूहळू येतो, म्हणून रोज बघणाऱ्यांना तो दिसत नाही.

आणखी एक गोष्ट. या आजारात पापणी वर ओढली जाते, खाली पडत नाही. थायरॉइडच्या रुग्णाची पापणी संध्याकाळपर्यंत खाली पडू लागली, तर स्नायूंचा मायस्थेनिया नावाचा वेगळा आजार बरोबर आहे का, हे पाहावे लागते.

तपासण्या : रिपोर्ट नॉर्मल म्हणजे सुटलो नव्हे

पहिली तपासणी रक्तातले टीएसएच, फ्री टी-४ आणि टी-३. ग्रेव्हजमध्ये टीएसएच जवळजवळ शून्यावर येते आणि इतर दोन वाढतात. पण इथे एक खड्डा आहे. साधारण दहांतल्या एका रुग्णात डोळ्यांचा आजार असूनही थायरॉइडचे रिपोर्ट नॉर्मल असतात किंवा ग्रंथी उलट मंद असते. कधी डोळ्यांचा त्रास आधी आणि ग्रंथीचा काही महिन्यांनी सुरू होतो. म्हणून खुणा असतील तर एका नॉर्मल टीएसएचवर समाधान मानू नये. टीएसएच रिसेप्टरविरुद्धच्या प्रतिपिंडांची वेगळी रक्ततपासणी आहे, ती अशा वेळी उपयोगी पडते. गळ्यावर गाठ दिसलीच पाहिजे, असेही नाही.

त्यानंतर नेत्रतज्ज्ञ. ते नजर, रंगांची ओळख, डोळ्याचा दाब, डोळ्यांची हालचाल आणि पापण्या मिटतात की नाही हे तपासतात. डोळा किती पुढे आला आहे हे एका साध्या मापकाने मिलिमीटरमध्ये मोजतात. एकच डोळा पुढे आला असेल किंवा नस दाबली जात असल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. एकच डोळा पुढे आला म्हणजे थायरॉइड नसेल असे मात्र समजू नये. प्रौढ माणसांत एक काय किंवा दोन्ही काय, डोळे पुढे येण्याचे सर्वांत सामान्य कारण थायरॉइडच आहे.

आजार 'पेटलेला' आहे की 'निवलेला', हे ठरवणे सर्वांत महत्त्वाचे. त्यासाठी सात खुणांची यादी जगभर वापरतात : आपोआप होणारी वेदना, डोळा फिरवताना वेदना, पापण्यांची लाली, पांढऱ्या भागाची लाली, पापण्यांची सूज, पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणाची सूज आणि नाकाकडच्या कोपऱ्यातल्या मांसल भागाची सूज. सातांपैकी तीन किंवा अधिक असतील तर आजार पेटलेला. हे सगळे टॉर्चच्या उजेडात दिसते. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की ही यादी टेबलाच्या काचेखाली ठेवावी.

पेटलेला काळ साधारण सहा महिने ते दोन वर्षे चालतो. त्या काळात औषधे सूज उतरवू शकतात. नंतर आग विझते, पण तोपर्यंत स्नायू आखडून घट्ट झालेले असतात. मग औषध देऊन फारसा उपयोग होत नाही, राहते ती शस्त्रक्रिया. म्हणून या आजारात तीन-चार महिने थेंब घालत काढणे ही साधी दिरंगाई नव्हे.

उपचार : आधी स्वस्त, मग महाग

पहिला उपचार थायरॉइड ताळ्यावर आणणे. ग्रंथी जास्त चालली तरी डोळ्यांना वाईट आणि औषध जास्त होऊन ती मंदावली तरी वाईट. म्हणून सुरुवातीला दर चार ते सहा आठवड्यांनी रक्त तपासून गोळ्यांची मात्रा बदलावी लागते. "बरे वाटते" म्हणून गोळ्या बंद करणारे आणि तीच चिठ्ठी वर्षभर चालवणारे, दोघेही नुकसान करून घेतात. कार्बिमाझोल चालू असताना ताप आणि घसा दुखणे सुरू झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण क्वचित पांढऱ्या पेशी एकदम कमी होतात.

दुसरा उपचार फुकटचा आहे, उलट पैसे वाचवणारा आहे. बिडी-सिगारेट बंद. नेदरलँडमधील संशोधकांनी १९९३ साली दाखवून दिले की धूम्रपान करणाऱ्यांत डोळ्यांच्या या आजाराचा संभव सात पटींहून अधिक असतो. शिवाय बिडी ओढणाऱ्यात आजार तीव्र होतो आणि उपचारांना दाद कमी देतो. दुसऱ्याच्या बिडीचा धूरही टाळावा. रुग्ण बाई असेल तर नवऱ्याने बिडी अंगणात नेऊन ओढण्यापेक्षा सोडून द्यावी.

तिसरे म्हणजे डोळा ओला ठेवणे. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम, बाहेर जाताना गॉगल, झोपताना डोक्याखाली उंच उशी. पापण्या मिटत नसतील तर बुबुळावर जखम होऊ नये म्हणून रात्री चिकटपट्टी कशी लावायची, हे नेत्रतज्ज्ञांकडून शिकून घ्यावे. मात्र औषधांच्या दुकानातून स्वतःच्या मनाने "लाली घालवणारे" थेंब आणू नयेत. त्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. लाली दोन दिवसांत जाते, पण महिनोन्महिने घातले तर काचबिंदू आणि मोतीबिंदू होऊ शकतो.

सौम्य आणि नव्या आजारात सेलेनियम या क्षाराच्या १०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, सहा महिने देतात. २०११ साली युरोपात १५९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात त्यांचा फायदा दिसला. तिथल्या मातीत सेलेनियम कमी आहे, हेही लक्षात ठेवावे. डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात आणि सहा महिन्यांनंतर स्वतःहून चालू ठेवू नयेत.

आजार मध्यम ते तीव्र आणि पेटलेला असेल, तर मिथाइलप्रेड्निसोलोन हे स्टिरॉइड शिरेतून देतात. नेहमीची पद्धत म्हणजे आठवड्यातून एकदा ५०० मिलिग्रॅम सहा आठवडे आणि पुढचे सहा आठवडे २५० मिलिग्रॅम. बारा आठवड्यांत एकूण साडेचार ग्रॅम. त्याआधी साखर, रक्तदाब, यकृत आणि क्षयरोगाची तपासणी हवी. मात्रा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली तर यकृताला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून हे काम देखरेखीखालीच व्हावे. बरोबर मायकोफेनोलेटच्या गोळ्या देतात, काहींना किरणोपचार देतात. अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये टेप्रोटुमुमॅब या खास औषधाला मान्यता मिळाली. डोळे मागे जाण्यात त्याचा चांगला उपयोग होतो, पण साखर वाढणे व ऐकू कमी येणे हे त्याचे दोष आहेत आणि त्याची किंमत सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणूनच आधीचे स्वस्त उपचार वेळेवर होणे आपल्याकडे जास्त महत्त्वाचे.

ग्रंथीसाठी किरणोत्सारी आयोडीन सुचवले गेले, तर आपल्या डोळ्यांचा त्रास त्या डॉक्टरांना जरूर सांगावा. या उपचाराने काही रुग्णांचे डोळे बिघडतात, विशेषतः बिडी ओढणाऱ्यांचे. स्टिरॉइडचे संरक्षण देऊन हा धोका कमी करता येतो, पण त्यासाठी आधी माहीत असायला हवे.

आजार निवल्यावर उरलेल्या व्यंगासाठी शस्त्रक्रिया करतात. तिचा क्रम ठरलेला आहे : आधी खोबणीचे हाड कमी करून डोळ्याला जागा, मग तिरळेपणा, शेवटी पापण्या. उलट क्रमाने केले तर पहिले काम पुन्हा करावे लागते.

थांबू नये अशी लक्षणे

नजर धूसर होणे, रंग फिके दिसणे, बुबुळावर पांढरा डाग येणे किंवा डोळा अजिबात न मिटणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. घरी करण्याजोगी एक परीक्षा आहे. बाटलीचे लाल झाकण घेऊन एकेक डोळा झाकून बघावे. एका डोळ्याला ते लालभडक आणि दुसऱ्याला विटकरी, फिकट दिसले तर नस दाबली जात असण्याची शंका घ्यावी. पण दोन्ही डोळ्यांना सारखे दिसले म्हणून निर्धास्त राहू नये. नस दाबली जात असेल तर शिरेतून मोठ्या मात्रेत स्टिरॉइड देतात, आणि एक-दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर तातडीची शस्त्रक्रिया करतात. वेळेवर झाले तर गेलेली नजर पुष्कळदा परत येते.

दोन डॉक्टर, एक चिठ्ठी

माझ्याकडे एक टेम्पोचालक येतात. वय पन्नाशीचे, दिवसाला एक बंडल बिडी. त्यांना वर आणि बाजूला बघताना एकाच्या दोन गाड्या दिसत होत्या. एक डोळा मिटून ते टेम्पो चालवत होते, आणि ते कोणालाच सांगत नव्हते. सांगितले तर धंदा बंद. शेवटी त्यांच्या मंडळींनी हात धरून आणले. मोठ्या शहरात दाखवायला पाठवले, तर डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "आधी थायरॉइड आटोक्यात आणा." थायरॉइडचे डॉक्टर म्हणाले, "डोळा आमच्याकडे नाही." दोघेही आपापल्या विषयात हुशार. पण या फेऱ्यांत पाच महिने गेले, प्रत्येक फेरीला गाडीभाडे आणि एका दिवसाची कमाई गेली, आणि दोघांची एकमेकांशी गाठ पडली नाही.

दोष एकट्या त्यांचा नाही. मी चिठ्ठी लिहिली नव्हती, "दाखवून या" एवढेच तोंडी सांगितले होते. मग मी दोघांना फोन केले, एक फाइल केली, तिच्यात दोघांचे कागद तारखेवार लावले. बिडी सुटायला तीन महिने लागले. आठ महिने टेम्पो मुलाने चालवला. पुढे आजार निवल्यावर तिरळेपणाची शस्त्रक्रिया झाली. आज ते समोर एकच गाडी बघतात, पण मान न वळवता वर बघता येत नाही. तेवढे व्यंग राहिले.

या आजाराला दोन तज्ज्ञ लागतात हे खरे, पण त्या दोघांना बांधणारा तिसरा लागतो, आणि तो गावातला साधा एमबीबीएस डॉक्टरच असू शकतो. रुग्णाची बिडी, त्याचे घर, त्याचा धंदा त्यालाच ठाऊक असतो. त्याने चिठ्ठी लिहावी, उत्तर मागवावे, दर महिन्याला फाइल बघावी. आणि लाल डोळा दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर तिसऱ्यांदा थेंब लिहिण्याआधी नाडी मोजावी, गळ्याला हात लावावा. त्याला दोन मिनिटे लागतात. गावोगावी मोतीबिंदूची शिबिरे होतात, तिथेही पुढे आलेला डोळा दिसला तर "मोतीबिंदू नाही" म्हणून परत न पाठवता थायरॉइडची तपासणी सुचवावी, अशी माझी आयोजकांना विनंती आहे.

वाचकांनीही एक करावे. थायरॉइडच्या गोळ्या चालू असलेले कोणी घरात असेल तर या रविवारी उजेडात बसवून त्याचे डोळे बघा, जुना फोटो शेजारी धरा.

सुरुवातीला सांगितलेल्या बाईंचे थायरॉइड आता ताळ्यावर आहे. डोळ्यांचा दाह गेला. डावी पापणी अजून किंचित वर आहे. मी तीन महिने आधी ओळखले असते तर तीही खाली आली असती का, हे सांगता येणार नाही; पण ते तीन महिने माझ्या खात्यावर आहेत. सासूबाई मागच्या महिन्यात स्वतःच्या रक्तदाबासाठी आल्या होत्या. जाताना दारात थांबून म्हणाल्या, "डॉक्टर, मी तिला उगाच बोलले हो." मी म्हणालो, "तुम्ही निदान बघितलंत तरी. मी दोनदा बघूनही पाहिलं नव्हतं."